मनाची लबाडी

वारकरी सज्जनहो, माणूस दुसऱ्याला फसवतो तेव्हा आपण फसवतो आहोत हे त्याला ठाऊक असते. म्हणून केव्हा तरी त्याला पस्तावाही होतो. पण तो स्वतःला फसवतो तेव्हा फसवणारा तोच आणि फसणाराही तोच. मग पस्तावायचे कोणी? आणि मन ही लबाडी बाजारात थोडी, देवाच्या दारात जास्त करते. बाजारात कोणी तरी हटकतो. गळ्यात तुळशीची माळ दिसली, की हटकणारेही हात जोडतात.

हे दुसऱ्या कोणाचे सांगत नाही, आमचेच सांगतो. एके वर्षी ज्येष्ठात आमच्या मातोश्री अंथरुणाला खिळल्या. कुशीवर वळवायलादेखील माणूस लागे. नेमकी त्याच वर्षी दिंडीतली वीणा आमच्याकडे यायची होती. कितीतरी वर्षे टाळ घेऊन चाललो, तेव्हा कुठे हा मान वाट्याला येत होता. आम्ही आईपाशी जाऊन बसलो आणि विचारले, "जाऊ का?" ती म्हणाली, "जा बाबा. पांडुरंगाला माझा दंडवत सांग." झाले! पताका पुढे निघाली आणि आम्ही मागे वीणा घेऊन. वाटेत कोणी आईची चौकशी केली तर आम्ही सांगत असू, "तिचीच आज्ञा आहे." दहा जणांना सांगता सांगता आमचाही त्यावर विश्वास बसला. घरी रात्रंदिवस उठबस करणे आमच्या मंडळींवर पडले होते, ते मात्र कोणाला सांगितले नाही.

दशमीला पंढरीत पोहोचलो. रिवाजाप्रमाणे चंद्रभागेत स्नान केले आणि वाळवंटात भक्त पुंडलिकाच्या दर्शनाला गेलो. डोके टेकले मात्र, आणि मनात आले, अरे, हा पुंडलिक कोण? आईबापांचे पाय चेपताना दारात देव आला, तर त्याच्याकडे वीट सारून "थांब जरा" म्हणणारा. ज्याने आईबापांसाठी देवाला ताटकळत ठेवले, त्याच्याच दारात आम्ही आईला ताटकळत ठेवून आलो होतो!

मग स्वतःलाच विचारले, "यंदा वीणा दुसऱ्याकडे असती तर तू घर सोडले असतेस का?" प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर आले, नाही. आईला आम्ही विचारायला गेलो नव्हतो, "जा" हा शब्द ऐकायला गेलो होतो. दुखण्यातली आई लेकाला दुसरे काय म्हणणार?

द्वादशीचे पारणे सोडले, वीणा एका सोबत्याच्या स्वाधीन केली आणि काल्याला न थांबता मिळेल त्या एस.टी.ने घर गाठले. आईने विचारले, "सांगितलास का दंडवत?" म्हटले, "सांगितला." ती म्हणाली, "बरं झालं. आता थोडं पाणी दे."

गोष्ट इथे संपली असती तर बरे होते. पण मन मोठे वस्ताद! पुढच्या आषाढीला आम्ही घरीच राहिलो. आईच्या उशाशी बसलो, तर तेच मन कानात म्हणू लागले, "पाहा, आता तू पुंडलिक झालास!" समाचाराला येईल त्याला आम्ही सांगत सुटलो, "यंदा वारी राहिली, पण सेवा घडते आहे." एक दिवस मंडळी शांतपणे म्हणाल्या, "माणसं आली म्हणजेच तुम्ही पाय चेपायला बसता." अंगावर पाणी पडल्यासारखे झाले. वीणेचा मान सुटला होता, मानाची भूक सुटली नव्हती.

गोरोबाकाकांच्या घरची कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. काकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. नामदेवराय रागावले, आणि हे मडके कच्चे ठरले. देव ज्यांच्याशी बोलत असे, त्यांनासुद्धा आपले कच्चेपण आपले आपल्याला दिसले नाही. थापटणे मडक्याच्या हातात कधी नसते, बाबांनो. ते कुंभाराच्या हातात असते. पण नामदेवरायांचा मोठेपणा पुढे आहे. घाव लागला म्हणून ते तोंड फिरवून बसले नाहीत. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले.

म्हणून वारी सोडा असे आमचे सांगणे नाही. आळसाने घरी बसून "आमची इथेच पंढरी" म्हणणारा आमच्याच जातीचा लबाड. जाणे खरे की राहणे खरे, हे पायांवरून कळत नाही. यंदा निघण्याआधी एवढेच करा. जे माणूस तुमच्या घरात तुम्हाला रोज पाहते, त्याच्यापाशी बसा आणि विचारा, "माझं कुठं चुकतं?" उत्तर झोंबले तर चिडू नका. ते थापटणे आहे. झोंबते तिथेच मडके कच्चे आहे, असे समजा आणि तोच घडा घेऊन पांडुरंगापुढे उभे राहा. त्याला कच्चा घडा चालतो. कच्चा असून पक्का म्हणवणारा मात्र त्याच्यापुढे उभा राहूनही दूरच राहतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!