नवा पत्रा, जुनी गाडी

मूळ पत्रा जितका जास्त वाचवावा तितकी जुनी स्पोर्ट्‌स कार अस्सल, असा समज शौकिनांमध्ये घट्ट रुजलेला आहे. संग्रहालयात उभ्या असलेल्या गाडीपुरता तो चालेल. पण जी रस्त्यावर धावणार आहे, तिच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार घ्या. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. आधीच्या एमजीएला स्वतंत्र चासी होती. एमजीबीत पत्र्याची बॉडीच चासीचे काम करते; अशा बॉडीला मोनोकॉक म्हणतात. उघड्या रोडस्टरला छताचा आधार नसतो, त्यामुळे गाडी ताठ ठेवण्याचा बराचसा भार दारांखालच्या पोकळ सिलवर येतो. पाणी, चिखल आणि तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ या पोकळीत साचते. बाहेर रंगाला फुगे दिसू लागेपर्यंत आतल्या पट्टीची चाळण झालेली असते.

त्यावर वरून नवा पत्रा ठोकून रंग मारणे स्वस्त पडते, पण गेलेली ताकद त्याने परत येत नाही. जाणता कारागीर आधी गाडीला योग्य जागी टेकू देतो, दाराच्या चौकटीत तात्पुरते दांडे वेल्ड करतो आणि एका वेळी एकच बाजू कापायला घेतो. दार पुन्हापुन्हा लावून फटी तपासतो. कारण सिल कापलेली रोडस्टर मधोमध खचते, आणि त्या अवस्थेत नवी सिल वेल्ड झाली की तो बाक कायमचा. पुढे दार अडकू लागते आणि फट पुट्टीने बुजवण्याची वेळ येते. तेव्हा गंजलेला मूळ पत्रा कापून टाकण्यात गाडीचा अपमान नाही. तो झाकण्यात मात्र फसवणूक आहे.

मग कापायचे कुठवर? १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज एमजीबीची अख्खी नवी बॉडी जुन्याच डायवर बनवून विकू लागली. जुने इंजिन, ॲक्सल आणि स्टिअरिंग तिच्यात चढवले, तर गाडी जुनी की नवी? ब्रिटनच्या नोंदणी खात्याने अशा प्रश्नांसाठी बराच काळ गुणांचा हिशेब ठेवला होता. चासी किंवा मोनोकॉक बॉडीला ५, इंजिनाला अवघा १, आणि जुना नंबर टिकवायला किमान ८. मूळ घडणीच्या नव्या बॉडीलाही मुभा होती, पण खरेदीची पावती दाखवावी लागे.

अशा पुराव्याचे मोल १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयातल्या खटल्यात कळते. वाद होता १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीचा. १९२९ च्या गाडीतले फारच थोडे भाग तिच्यात उरले होते. तरीही न्यायाधीशांनी तिचे नाव मान्य केले, कारण बदल एकामागून एक होत गेले होते आणि गाडीचा इतिहास कुठे तुटला नव्हता. मला हा निकाल पटतो. पण बदलांचा माग काढता आला नसता, तर त्याला आधार कशाचा राहिला असता?

जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची २०१२ ची तुरिन सनदही बदललेले भाग ओळखता यावेत, असेच सांगते. भारतात २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ नोंदणी दिली. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, ही अट घालून. गंजलेली सिल काढून तशीच नवी बसवणे हा फेरफार की दुरुस्ती, हे रंग चढल्यावर नुसत्या डोळ्यांनी ठरवता येणार नाही. त्यासाठी कापण्याआधीचे फोटो, मोजमापे आणि पावत्या हव्यात. विंटेज मेळाव्यांत परीक्षकांनी रंगाच्या चकाकीइतकेच गुण या नोंदींनाही द्यावेत. तसे झाले, तर मालक वेल्डिंग लपवण्याऐवजी अभिमानाने दाखवतील.