सेवेची हाक आणि शाळेची पारख

अमेरिकेत परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स, म्हणजे एलपीएन, होण्यासाठी साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम पुरतो. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या राज्यांत याच पदाला व्होकेशनल नर्स म्हणतात. आधी राज्याच्या नर्सिंग बोर्डाने मान्य केलेल्या शाळेचे प्रमाणपत्र, मग एनक्लेक्स-पीएन ही संगणकावरची परीक्षा आणि शेवटी राज्याचा परवाना, असा हा मार्ग आहे. काम रजिस्टर्ड नर्स किंवा डॉक्टर यांच्या देखरेखीखाली चालते. रक्तदाब आणि ताप पाहणे, ठरल्या वेळी गोळ्या देणे, जखमेचे ड्रेसिंग, कॅथेटरची काळजी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणे ही त्यातली रोजची कामे. या नर्सेसचा सर्वांत मोठा गट रुग्णालयांत नाही, तर वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये आणि तशाच निवासी संस्थांत राबतो.

या कामाकडे वळणारे अनेकजण ते केवळ नोकरी म्हणून पाहत नाहीत. आपल्याला आतून हाक आली आहे, अशी त्यांची भावना असते आणि शाळांच्या जाहिराती ती भावना पुरेपूर वापरतात. इथे एक धार्मिक प्रश्न उभा राहतो. सेवेसाठी निघालेल्या माणसाने फी, कर्जाचे व्याज, उत्तीर्णांची टक्केवारी यांचा हिशेब मांडत बसणे म्हणजे त्या हाकेशी प्रतारणा, की तो हिशेब हाकेचाच भाग? भाविक मनाचा कल बहुधा पहिल्या उत्तराकडे असतो. परंपरेचा कौल मात्र दुसऱ्या बाजूने पडतो.

मध्ययुगीन युरोपात ईश्वराची हाक ही प्रामुख्याने मठात जाणाऱ्यांसाठी राखीव मानली जाई. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने ही राखीव जागा मोडली. चांभार, मोलकरीण, आई-बाप हे आपापल्या कामातच ईश्वराने बोलावलेले आहेत, असे तो म्हणू लागला. विवाहावरच्या 1522 च्या लेखनात तर बाळाची लंगोटी धुणाऱ्या बापाकडे पाहून देव आपल्या देवदूतांसह आनंदतो, असे त्याने लिहिले. बेडपॅन उचलणाऱ्या हातांना धर्मशास्त्रात मिळालेली ही कदाचित सर्वांत स्पष्ट मान्यता असावी. पण ल्यूथरची चिंता माणूस आहे त्या स्थानाला अर्थ देण्याची होती. नवे स्थान निवडायचे कसे, हा प्रश्न त्याच्या काळच्या खेड्यातल्या माणसापुढे फारसा नव्हताच.

तो प्रश्न हाती घेतला इंग्लंडमधल्या प्युरिटन विचारवंतांनी. विल्यम पर्किन्स 1602 मध्ये वारला आणि त्यानंतर लवकरच व्यवसाय-निवडीवरचा त्याचा प्रबंध छापला गेला. पर्किन्सच्या मते ओढ आणि अंगचे गुण या दोन्हींची तपासणी व्हायला हवी. मात्र स्वतःबद्दल निवाडा करताना माणूस पक्षपाती असतो, म्हणून ही तपासणी एकट्याने करू नये, इतरांचा सल्ला घ्यावा. शिवाय जे काम समाजाच्या हिताचे नाही त्याला हाक म्हणताच येत नाही. म्हणजे आतला आवाज आवश्यक खरा, पण पुरेसा नाही. बाहेरून कोणीतरी त्याची खातरजमा करावी लागते. आजचे नर्सिंग बोर्ड, शाळेची प्रवेश-मुलाखत, परवान्याची परीक्षा ही सगळी त्या बाहेरच्या खातरजमेची लौकिक रूपे म्हणता येतील. पर्किन्सला ती ओळखीची वाटली असती.

निष्ठा आणि कौशल्य यांतले अंतर शुश्रूषेच्या इतिहासात एके ठिकाणी ठळक दिसते. ऱ्हाईन नदीकाठच्या कायझरस्वेर्थ गावी पाद्री थिओडोर फ्लीडनर आणि त्याची पत्नी फ्रीडरिके यांनी 1836 मध्ये डीकनेस, म्हणजे सेविका, घडवणारी संस्था सुरू केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1851 मध्ये तिथे तीन महिने शिकली. तिथल्या स्त्रियांच्या भक्तिभावाबद्दल तिला अखेरपर्यंत आदर होता. तरीही उतारवयात तिने लिहून ठेवले की तिथे शुश्रूषा जवळजवळ नव्हतीच आणि स्वच्छता भयंकर होती. हृदय निर्मळ असून जखम चिघळू शकते, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 1860 मध्ये तिच्या नावाने निघालेली प्रशिक्षणशाळा भक्तीवर विसंबली नाही. शिस्त, निरीक्षण आणि नोंदी हा तिचा पाया होता.

कायझरस्वेर्थची दुसरी एक गोष्ट सहसा विसरली जाते. डीकनेसना पगार नव्हता, पण जेवण, कपडे, थोडा हातखर्च आणि म्हातारपणीचा आसरा ही सारी जबाबदारी मातृगृहाने, म्हणजे मूळ संस्थेने, उचललेली होती. निःस्वार्थ राहणे त्यांना परवडत होते, कारण स्वार्थाची काळजी दुसरे कोणी वाहत होते. अमेरिकेत 1890 च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनने घरोघरच्या आजारी, वृद्ध आणि मुलांच्या शुश्रूषेसाठी काही महिन्यांचा छोटा वर्ग सुरू केला. प्रॅक्टिकल नर्सच्या प्रशिक्षणाची सुरुवात तिथून मोजतात. पुढे मिसिसिपीने 1914 मध्ये या कामासाठी परवान्याचा कायदा केला आणि न्यूयॉर्कने 1938 मध्ये नर्सचे दोन स्तर मानून परवाना सक्तीचा केला. या वाटचालीत धर्मसंस्थांची जागा हळूहळू सरकारी सामुदायिक महाविद्यालये, व्यावसायिक केंद्रे आणि नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी शाळा यांनी घेतली. हाकेची भाषा टिकली, मातृगृह मात्र गेले. आता खर्च विद्यार्थिनीच्या अंगावर, बहुधा कर्जाच्या रूपाने, पडतो. तिने हिशेब न करता समर्पित व्हावे, ही अपेक्षा अशा वेळी अध्यात्म राहत नाही. संस्थेने उचलायचा धोका दुबळ्याच्या पदरात टाकण्याची ती युक्ती ठरते.

मराठी वाचकाला इथे निष्काम कर्माची आठवण होणे साहजिक आहे. फळाची आसक्ती सोडायची, तर नफा-तोटा कशाला पाहायचा? हा गैरसमज दूर करायला टिळकांचे ‘गीतारहस्य’ (1915) उपयोगी पडते. त्यात टिळक आरंभीच ‘कर्मजिज्ञासा’ असे स्वतंत्र प्रकरण घालतात. कर्तव्य कोणते याचा निर्णय थोरामोठ्यांनाही अवघड जातो, आणि तो विवेकाने करावा लागतो, हे ते धर्मसंकटांच्या उदाहरणांनी दाखवतात. अनासक्ती येते ती कर्म ठरल्यावर, करताना. निवडीच्या वेळी बुद्धी बाजूला ठेवण्याची मुभा त्यातून मिळत नाही. कौशल्यालाच योगाशी जोडणारे गीतेतले प्रसिद्ध वचनही याच बाजूचे आहे. शिवाय प्रशिक्षणाचे फळ एकट्या विद्यार्थिनीचे नसते. इन्सुलिनची मात्रा चुकली तर त्याचे फळ भोगणारा खाटेवर असतो आणि शाळेच्या निवडीत त्याला कोणी विचारलेले नसते. शाळा नीट पारखणे म्हणजे अजून न भेटलेल्या त्या रुग्णाची घेतलेली पहिली काळजी होय.

ही पारख कशाची करायची, हे त्यामुळे कोरडा कारकुनी प्रश्न राहत नाही. राज्याच्या बोर्डाची मान्यता अनिवार्य आहे. ती नसेल तर परीक्षेला बसताच येत नाही. त्याखेरीज राष्ट्रीय संस्थांचे मूल्यांकन असते. ते ऐच्छिक असले, तरी पुढे रजिस्टर्ड नर्सचा अभ्यासक्रम घ्यायचा झाल्यास ते कामी येते. प्रत्यक्ष रुग्णांजवळ घालवायचे तास हा त्याहून मोठा मुद्दा. कॅलिफोर्नियात किमान 1530 तासांपैकी 954 तास रुग्णसेवेच्या सरावाचे असावे लागतात, म्हणजे वर्गातल्या शिकवणीपेक्षा बरेच जास्त. ॲरिस्टॉटल ज्याला व्यावहारिक शहाणपण म्हणतो ते नियम पाठ करून येत नाही, प्रसंगांत वावरून येते. म्हणूनच तो म्हणतो की तरुण गणितात प्रवीण होऊ शकतो, पण या शहाणपणात नाही. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 च्या आपल्या ग्रंथात नवशिकी नर्स तज्ज्ञ कशी होत जाते याचे टप्पे मांडले, त्यातही भर अनुभवावर आहे. नवशिकी नियम शोधते, तर मुरलेली नर्स रुग्णाचा बदललेला चेहरा ओळखते. सरावाचे तास कुठे होतात, एका शिक्षिकेमागे किती विद्यार्थी असतात, की बरेचसे तास पुतळ्यांवरच भागवले जातात, हे विचारणे म्हणूनच रास्त आहे.

परीक्षेतली उत्तीर्णांची टक्केवारी हा सर्वांत सहज मिळणारा आणि सर्वांत फसवा आकडा. अनेक राज्यांची बोर्डे प्रत्येक शाळेचा, पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचा, आकडा प्रसिद्ध करतात. पण तो परीक्षेला बसलेल्यांचा असतो. शाळेला आकडा उंच ठेवायचा असेल तर एक सोपी वाट असते: कच्च्या विद्यार्थिनीला अंतर्गत परीक्षेत अडवायचे आणि मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचूच द्यायचे नाही. तिची फी जमा होते, नाव मात्र टक्केवारीत येत नाही. येशूच्या दृष्टान्तातला मेंढपाळ नव्याण्णव मेंढ्या सोडून हरवलेल्या एकीला शोधायला जातो. इथे हरवलेली मेंढी कळपाच्या मोजणीतूनच वगळलेली असते. म्हणून प्रवेश किती जणींनी घेतला आणि वेळेत किती जणी पूर्ण करून बाहेर पडल्या, हा प्रश्न टक्केवारीच्या आधी यायला हवा.

आकड्यांची दुसरी मर्यादा जानेवारी 2023 मध्ये उघड झाली. ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ या मोहिमेत अमेरिकी सरकारने फ्लोरिडातल्या काही शाळांशी संबंधित 25 जणांवर आरोप ठेवले. या शाळांनी नर्सिंगची 7,600 हून अधिक बनावट प्रमाणपत्रे विकल्याचे समोर आले. त्यांत रजिस्टर्ड तसेच प्रॅक्टिकल नर्सची प्रमाणपत्रे होती. त्यांतल्या एका शाळेच्या नावात येशूच्या पवित्र हृदयाचा उल्लेख होता, हे जाता जाता नोंदवायला हवे. पवित्र नावावरून शाळा पारखता येत नाही. विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे 2,400 जण परवान्याची परीक्षाही उत्तीर्ण झाले. म्हणजे पडद्यावरचे प्रश्न सोडवता येणे आणि वॉर्डातल्या माणसाची शुश्रूषा करता येणे या निराळ्या गोष्टी असू शकतात. परीक्षा ज्ञान मोजते. सराव झाला आहे की नाही हे ती शाळेच्या शब्दावर सोडते. शाळेचा शब्द खोटा निघाला की मान्यता, परीक्षा, परवाना अशी बाहेरच्या खातरजमेची सगळी साखळी पोकळ होते.

निवडीच्या पद्धतीबद्दल सर्वांत बारकाईने लिहिणारा धार्मिक लेखक बहुधा इग्नेशियस लोयोला असावा. पोपने 1548 मध्ये मान्य केलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात निवडीचे तीन प्रसंग सांगितले आहेत. कधी मनाला शंकाच उरत नाही. कधी उभारी आणि उदासी यांच्या चढउतारांतून दिशा उमगते. आणि कधी मन शांत असते, तेव्हा बुद्धीने दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे मांडायचे असतात. प्रशिक्षणसंस्थेची निवड या तिसऱ्या प्रकारात चपखल बसते. अशा वेळी इग्नेशियस एक युक्ती सुचवतो. कधीही न पाहिलेला, पण ज्याचे सर्व भले व्हावे असे वाटते असा माणूस समोर आहे असे समजावे. त्याला जो सल्ला दिला असता तोच स्वतः पाळावा. संध्याकाळचे वर्ग, घरापासूनचे अंतर, मुलांची शाळा, हप्त्यांची रक्कम या गोष्टी परक्यासाठी मांडल्या की त्यांतली भीती आणि हौस दोन्ही गळून पडतात. वेगवेगळ्या शाळा पाहून येणे, तिथे शिकलेल्यांना गाठणे, जिथे सराव होतो त्या नर्सिंग होममधल्या जुन्या नर्सला विचारणे ही पर्किन्सने सांगितलेल्या सल्ल्याची आजची रूपे.

श्रद्धेचा आणखी एक प्रश्न प्रवेशाआधीच सोडवावा लागतो. शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या विद्यार्थिनीला सरावाच्या पाळ्या अडचणीच्या ठरू शकतात. गर्भपात किंवा नसबंदीच्या शस्त्रक्रियेत सहभाग कोणाच्या विवेकाला न पटणारा असतो. त्यासाठी अमेरिकी संघराज्याच्या 1970 च्या दशकातल्या कायद्यांत संरक्षण आहे आणि सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांतल्या प्रशिक्षणाच्या प्रवेशापर्यंत ते पोहोचते. एकूण काम न पटणाऱ्याला मात्र कोणताही कायदा नर्स करू शकत नाही.

निवड चुकली तर? पर्किन्स गरजेपोटी आणि लोकहितासाठी व्यवसाय बदलण्याची मोकळीक देतो. इग्नेशियस बदलता येणाऱ्या आणि न येणाऱ्या निवडी वेगळ्या करतो. पौरोहित्य आणि विवाह त्याच्या मते दुसऱ्या प्रकारात, बाकी बहुतेक गोष्टी पहिल्या. एलपीएनची शाळा अर्थातच बदलता येते, पण तिथे झालेले विषय दुसरी शाळा धरीलच असे नाही. कर्जाचे तसे नाही. शाळा सोडली किंवा परवाना मिळाला नाही तरी ते उरते आणि अमेरिकेच्या कायद्यात दिवाळखोरी जाहीर करूनही शिक्षणकर्ज सहसा माफ होत नाही. माफीसाठी असह्य हालअपेष्टा न्यायालयात सिद्ध कराव्या लागतात. इग्नेशियसच्या वर्गवारीत आजच्या विद्यार्थिनीची शाळा पहिल्या रकान्यात जाते आणि तिने सही केलेला कर्जाचा कागद जवळजवळ दुसऱ्या.