जोड, निकाल आणि पराजित

स्पर्धेचे नैतिक मूल्य विजेत्याच्या गौरवावरून ठरावे की पराजिताला उरणाऱ्या स्थानावरून, या प्रश्नाला ग्रीक साहित्यात दोन भिन्न उत्तरे आढळतात. प्राचीन ऑलिंपियात दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाला पारितोषिक नव्हते. ऑलिव्हचा मुकुट एकालाच मिळे. पिंडरची विजयगीते ही याच मूल्यव्यवस्थेची वाङ्मयीन बाजू होय. एजिना बेटावरील मल्ल अरिस्टोमेनीस याच्यासाठी इ. स. पू. 446 च्या सुमारास रचलेल्या गीतात पराभूत दिसतात ते आडवाटांनी, तोंड चुकवीत घरी परतणारे. विजयाची स्मृती घडविणारा वाङ्मयप्रकारच येथे पराभवाच्या लज्जेलाही आकार देतो.

याउलट, ‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गात एजॅक्स व ओडिसियस यांची झुंज लांबते, तेव्हा अकिलीस ती थांबवून दोघांनाही विजयी मानतो आणि समान बक्षीस घ्यावयास सांगतो. कुस्ती ‘बरोबरीत सोडवण्या’ची मराठी रीत याहून फारशी निराळी नाही.

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी ज्या सीमाभागात येते, तेथे मराठी व कन्नड शेजारी नांदतात आणि ‘निकाली कुस्ती’ हा शब्दप्रयोग दोन्ही भाषांना परिचित आहे. ग्रीक मल्लाला प्रतिस्पर्ध्यास तीनदा पाडावे लागे. मातीतल्या कुस्तीत एकदा चितपट झाली की निकाल लागतो. निकाल असा अधिक कठोर असूनही याच परिभाषेत प्रतिस्पर्ध्याला ‘जोड’ म्हणतात. हा शब्द विरोधाआधी तुल्यबळता गृहीत धरतो. जोड मिळाल्यावाचून कुस्तीच नाही. म्हणून पराजित हा विजयाचा सहकर्ता ठरतो.

भाषेतील हे औदार्य व्यवहारात उतरतेच असे नाही. हलगीच्या कडकडाटात खांद्यावर मिरवला जातो तो विजेताच. आधुनिक पदकव्यवस्थेने मार्ग काढला, असे म्हणावे तर खाशाबा जाधव यांचे उदाहरण विचारात घ्यावे लागते. 1952 साली हेलसिंकी येथे त्यांनी मिळविलेले कांस्यपदक स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. प्राचीन ऑलिंपियाने ते दिले नसते. परंतु 1948 साली लंडन येथे त्याच मल्लाने मिळविलेला सहावा क्रमांक लोकस्मृतीत क्वचितच आढळतो. पदकांची उतरंड विस्मृतीची रेषा खाली सरकवते, पुसत नाही.

पराजिताला न्याय देण्यासाठी केवळ अधिक पारितोषिके पुरेशी नाहीत. विजयाचे वर्णन ‘जोडी’चे वर्णन म्हणून करणारी कथनपद्धती हवी. महाकाव्याला ती साधली होती. विजयगीताचे मूल्यमापन करताना समीक्षेने त्यातील या उणिवेची दखल घेणे आवश्यक आहे.