सुट्टीत वाचायला

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परीक्षा संपली, आता काय वाचू, असं तू विचारलंस. गेल्या काही महिन्यांत वाचलेल्यांपैकी जी पुस्तकं तुझ्या हाती पडावीत असं मनापासून वाटतं, तेवढ्यांबद्दलच लिहिते.

सगळ्यांत आधी विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणा मिळवायला काकांबरोबर उत्तरेत गेला आणि १८५७च्या बंडात सापडला. झाशीचा वेढा, नंतरची लूट, कत्तल, सगळं त्याने शहरात राहून पाहिलं. झाशी पडल्यावर काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्याला राणी भेटते. पठाणी वेष, अंगभर धूळ, घसा कोरडा. तो तिच्यासाठी पाणी काढू लागतो, तर ती त्याला थांबवते. विद्वान ब्राह्मणाला ती पाणी काढू देत नाही, स्वतःच काढून ओंजळीने पिते. राज्य गेलं तरी रीत सुटलेली नाही. हे पान वाचून मला त्या दिवशी पुढे वाचवेना. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापून आणलं. भाषा जुनी आहे, सुरुवातीला अडखळशील, पण नेट धर.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तुझ्या आईच्या कपाटात आहे. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला, भरला संसार मोडला, काही वर्षांनी पुन्हा जुळला. शाळेत न गेलेली ही बाई सगळं खळखळून हसत सांगते आणि कुणावर डूख धरत नाही. एवढं मोठं मन मला दुसऱ्या आत्मचरित्रात क्वचितच दिसलं.

विज्ञानकथा हव्यात तर जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’. आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी पहिली कथा टोपणनावाने स्पर्धेला पाठवली होती, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मात्र एका बैठकीत संपवू नकोस. त्यात एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख आहे. आता वैशाखाचा वाच आणि लगेच बाहेर पडून रस्त्यावरचा बहावा नीट बघून ये. पुढचा लेख ज्येष्ठ लागल्यावर.

बाकीची तिन्ही पुस्तकं पार्सलने पाठवते आहे. ‘माझा प्रवास’ तेवढं वाचून परत दे, ती प्रत तुझ्या आजोबांची आहे.

तुझी,
आत्या