बियाचं फळ

जालन्याच्या परतूर तालुक्यातल्या आष्टीत एका आजीच्या परसात, न्हाणीचं पाणी जिथं जाई तिथं, गावरान टमाट्याची चार-पाच झाडं असत. फळं लहान, चपटी, देठाजवळ खाचा पडलेली. पण अशी आंबट की आमटीत चिंच टाकावी लागत नसे. आजी ती निखाऱ्यावर भाजायची, साल सोलून हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि भाजलेल्या शेंगदाण्यांसोबत पाट्यावर रगडायची. ज्वारीच्या गरम भाकरीला मग दुसरं कोरड्यास लागायचं नाही.

सगळ्यात निरोगी झाडाच्या एका चांगल्या फळाला ती दरवर्षी चिंधी बांधायची. ते झाडावरच पुरतं पिकू द्यायचं. मग गर वाटीत काढून दोन दिवस झाकून ठेवायचा. वर फेस येतो, बियांवरचा बुळबुळीतपणा सुटतो, भरलेलं बी तळाशी बसतं. ते धुऊन सावलीत वाळवायचं आणि राखेत मिसळून पुड्या बांधायच्या. घरापुरतं ठेवून बाकीचं ती गल्लीत वाटून टाकायची. जुनं बी साठवायची तिची रीत नव्हती.

2023 च्या जुलैत टमाटे किलोला शंभराच्या वर गेले. आठवडी बाजाराच्या दिवशी नातवानं पाटी भरली आणि चिंधीच्या फळालाही हात घातला.

“लेकरा, ते बियाचं हाय.”

“आज्जी, भाव आज हाय, उद्या नाय. बी काय, दुकानात मिळतंय की!”

भावाचं त्याचं म्हणणं खरं निघालं. सप्टेंबरात तोच टमाटा मातीमोल झाला.

पुढच्या वर्षी त्यानं संकरित बियाणं आणलं. जालना तर बियाण्यांचाच जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको ही बियाण्यांची कंपनी तिथंच सुरू केली. झाडं फळांनी लगडली. ज्याला एकरभर लावून बाजार गाठायचा आहे, त्याला ते बियाणं हवंच, त्यात वावगं काही नाही. पण नातवानं त्याच फळांचं बी धरलं आणि तिसऱ्या वर्षी एका झाडासारखं दुसरं झाड येईना. संकरित पिकाचे गुण पुढच्या पिढीत असे विखुरतातच. चटणीला चिंच लागायला लागली.

“खालच्या आळीला जा,” आजी एवढंच म्हणाली.

तिथल्या एका काकूंच्या परसात तीच चपटी, खाचांची फळं लाल झाली होती. नातू विचारायला अडखळला. काकूंनी फडताळातून पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. “तुझ्या आज्जीचंच बी हाय हे. घेऊन जा.”

पुढच्या हंगामात पुड्या नातवानंच बांधल्या. घरात एकच ठेवली, बाकीच्या दारोदार जाऊन देऊन आला.

तुमच्या परसात गावरान टमाट्याचं झाड असेल, तर यंदा एक पुडी शेजारी द्या.