खुडणे

स्वयंपाकाला लागण्याआधी किहीमच्या घरातली गृहिणी एकदा मागच्या दारी जाऊन येते, आणि परतताना तिच्या मुठीत चार पाने असतात, दोन बोटांच्या चिमटीत धरून खुडलेली. सुहृदहो, या खुडण्याविषयीच आज थोडे बोलावे म्हणतो. घेणाऱ्याने घ्यावे आणि त्यामुळे देणारा उणा न होता फोफावावा, असे व्यवहार जगात थोडेच असतात, आणि त्यांतला एक आपल्या परसात रोज, फारसा कोणाच्या लक्षात न येता, घडत असतो.

अलिबागच्या उत्तरेस समुद्राला लागून असलेले हे गाव. जमीन रेताड, वारा खारा, नारळी-पोफळीची सावली दाट. मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू, विहिरीशेजारी हळदीचा वाफा, कुंपणालगत कढीपत्ता, पायरीजवळ गवती चहाचे ठोंब आणि कुंडीत पानओवा, एवढ्यावर इथला परस नांदतो. आणि पुढच्या अंगणात, अर्थातच, वृंदावनात तुळस. खुडण्याचा पहिला पाठ तीच देते. ती मंजिऱ्यांनी लवली की घरातली जाणती माणसे काही मंजिऱ्या बियांसाठी राखून बाकीच्या खुडतात, कारण मंजिरी धरू दिली तर रोपाचे सारे बळ बीजाकडे वळते, पाने बारीक होत जातात आणि खोडाचे लाकूड होते. वनस्पतिशास्त्र सांगते की शेंड्याचा कोंब ऑक्झिन नावाचे द्रव्य खाली पाठवत राहतो, आणि त्याच्या धाकाने पानांच्या बगलेतले डोळे निजलेले राहतात. शेंडा खुडला की धाक सरतो आणि जिथे एक फांदी होती तिथे दोन फुटतात. पुदिन्याचे, सब्जाचे, पानओव्याचेही असेच. ज्या घरात खुडणारे हात असतात, त्या घरातली तुळस डेरेदार दिसते ती यामुळेच.

आणि तरीही याच तुळशीविषयी परंपरेने सांगून ठेवले आहे की द्वादशीला खुडू नये, सूर्यास्तानंतर खुडू नये. पूजा अडत नाही. आदल्या दिवशीचे पान चालते, कारण तुळशीपत्र शिळे होत नाही अशी आपली श्रद्धा. पण जिला खुडल्याने तिचेच भले होते, तिच्याविषयी ही मनाई का असावी, यावर मी पुष्कळ वर्षे विचार करीत आलो आहे. झाडाचे भले होते म्हणून मी घेतो, असे म्हणणाऱ्या हाताला घेण्याची सवय जडायला वेळ लागत नाही. त्या हाताला ठरल्या तिथीला, ठरल्या घटकेला रिकामे परतायला शिकवावे लागते. खुडण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने न खुडण्याचा नेमही पत्करावा, असा त्या मनाईचा भाव मला दिसतो.

किहीमची गोष्ट निघाली आहे तर इथल्या आणखी एका खुडणाऱ्याचे स्मरण करणे प्राप्त आहे. बर्लिनहून शिकून परतलेले, हाती नोकरी नसलेले पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली 1930च्या पावसाळ्यात याच गावी राहत होते आणि घराजवळच्या सुगरण पक्ष्यांची वसाहत तासन्‌तास न्याहाळत होते. नर अनेक घरटी अर्धी बांधून ठेवतो, मादी त्यांतले एक पसंत करते, मग ते पुरे होते, हा संसार त्यांनी इथे उलगडला. पण सुगरण सामान कसे जमवतो ते पाहावे: गवताच्या पात्याच्या कडेला तो चोचीने खाच पाडतो, ती कड धरून उडतो, आणि एक लांब धागा सुटून येतो, पाते मागे उभेच असते. पाखराचे हे खुडणेच की.

बरे, खुडून आणले म्हणजे काम संपले असे नाही. पान कोणत्या क्षणी पातेल्यात जावे, यातही खुडण्याइतकीच जाण लागते. कढीपत्त्याचा गंध पानाच्या गरात, तेलाच्या सूक्ष्म पिशव्यांत मिटलेला असतो, म्हणून त्याला कढत फोडणी लागते. तुळशी-पुदिन्याचा गंध पानाच्या पाठीवरच्या नाजूक लवेत साठलेला, म्हणून तो बोट लागताच सुटतो आणि फार उकळला तर वाफेबरोबर निघून जातो. हळदीच्या पानाला तर वाफच हवी. श्रावणात वाफ्यातले बाहेरचे रुंद पान घ्यायचे, आतला सुरळीतला कोंब राखायचा, कारण पानांनी केलेल्या अन्नावरच खाली कंद पोसायचा असतो. त्या पानावर तांदळाची उकड पातळ थापायची, गूळखोबऱ्याचे चून भरून पान मिटायचे आणि पातोळी वाफेला लावायची. पान शेवटी सोलून बाजूला ठेवतात, पण त्याच्या शिरांची नक्षी पातोळीवर उमटलेली असते.

कोथिंबीर मात्र या साऱ्याला अपवाद. ती खुडा, छाटा, गोंजारा, एकदोनदा फुटते आणि ऊन चढताच तुऱ्यावर जाते. कोकणातल्या धो धो पावसात तर तिच्या वाटेला न गेलेलेच बरे. तिला मुळासकट उपटतात, आणि त्यात अधर्म काही नाही.

नैवेद्याच्या ताटावर शेवटी तुळशीपत्र ठेवतात, ते का, याचे उत्तर मला खुडण्यातच सापडते. एखाद्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवले म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडला, असे आपली बोली म्हणते; आपण लावले, आपण शिंपले, आपण खुडले, आपण रांधले, हा सारा ‘आपण’ त्या एका पानाखाली ठेवून मग ताट आपल्यापुढे यायचे. द्रौपदीच्या थाळीला चिकटलेल्या एका पानाने दुर्वास आणि त्यांचे शिष्य तृप्त झाले, ही कथा सांगणाऱ्यांना पानाचे वजन ठाऊक होते.

परसातल्या झाडावर निदान सोडायला हक्क तरी असतो. भाताची कापणी होऊन उरल्या ओलीवर वाल पिकू लागतात, तेव्हा अलिबागच्या बांधांवर भांबुर्डा आपोआप माजतो. तो कोणी लावलेला नसतो, कोणी शिंपलेला नसतो. पौष-माघात माणसे त्याचा उग्र वासाचा पाला मुठीमुठीने खुडून आणतात, मडक्याच्या तळाशी अंथरतात, वर वालाच्या शेंगा, जाडे मीठ, ओवा, पुन्हा पाल्याचा बोळा तोंडाशी, आणि पाण्याचा थेंबही न घालता मडके उपडे करून भोवती आग पेटवतात; हीच पोपटी. भांबुर्डा खाल्ला जात नाही; त्याचा वास शेंगांत उतरतो आणि तो पाला शेतातच राहतो. मडक्यावर शिंपडलेले पाण्याचे चार थेंब चर्र करून उडाले, की पोपटी झाली असे समजून सगळे शेंगा सोलायला बसतात.