पावती हाच आजचा तराजू



दिव्य कुरआनच्या ८३ व्या सूरहचे नाव ‘अल-मुतफ्फिफीन’ असे आहे. माप-तोलात कमी देणारे, हा त्याचा अर्थ. स्वतः घेताना जे पुरेपूर मापून घेतात आणि दुसऱ्यांना देताना मात्र हात आखडतात, त्यांना विनाशाचा इशारा देत ही सूरह सुरू होते. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. आपले माप पुरेपूर घेणे हा काही अपराध नव्हे. घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे ठेवणे, हा खरा अपराध होय.

ही शिकवण केवळ दुकानदारांसाठी आहे, अशी आपली समजूत असते. परंतु आता बाजाराचे रूप पालटले आहे. सुपरमार्केटमध्ये तराजूची दांडी दिसत नाही आणि भाव करणारा दुकानदारही समोर नसतो. यंत्र बारकोड वाचते, एक लांबलचक पावती बाहेर पडते आणि तिच्यावरच्या आकड्यावर आपण विश्वास ठेवतो. योजना संपली तरी फळीवरची जुनी दरपट्टी तशीच राहते. एखादी वस्तू दोनदा नोंदली जाते, तर एखादी नोंदायचीच राहते. सुका मेवा डब्याच्या वजनासह तोलला जातो. चूक कधी आपल्या विरुद्ध जाते, तर कधी आपल्या बाजूने. या दोन्ही वेळी आपले माप एकच असते काय?

हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारला पाहिजे. एका रमजानच्या आधी मी अशाच एका दुकानात खजूर घेतले. फळीवरच्या पट्टीवर दर १८० रुपये होता, पावतीत मात्र २२५ रुपये लागले होते. चूक माझ्या लक्षात आली. पण मागे रांग होती आणि रांगेत मोहल्ल्यातील ओळखीची माणसेही होती. इमामाने ४५ रुपयांसाठी हुज्जत घालावी, हे मला शोभेनासे वाटले. मी पावती तेथेच टाकली आणि बाहेर पडलो. याला मी मनातल्या मनात सब्र म्हटले. वास्तविक ती भीड होती.

पुढच्या महिन्यात त्याच दुकानातून किराणा आणला. माझी पत्नी पावतीवर पेनाने खुणा करीत सामान लावते. ती म्हणाली, “तेलाच्या डब्याचे पैसे लागलेलेच नाहीत.” पाच लिटरचा तो डबा ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात होता. तो यंत्रापुढे गेलाच नव्हता. त्या क्षणी माझ्या नफ्सने ते ४५ रुपये बरोबर आठवून दिले. मी म्हणालो, “मागे त्यांनीही आपल्याकडून जास्त घेतलेच होते.” ती शांतपणे म्हणाली, “त्यांनी घेतले ते चुकून. आपण ठेवले तर ते जाणून.”

दुसरा दिवस जुमाचा होता आणि माझ्या खुतब्याचा विषय अमानत हा होता. त्याच संध्याकाळी मी डब्याचे पैसे भरून आलो. काउंटरवरच्या मुलीने आपल्या वरिष्ठाला बोलावून नवी पावती काढली. खजुरांची जुनी पावती मात्र मी केव्हाच फेकली होती. त्यामुळे माझा हक्क मागण्यास माझ्याजवळ काही आधार उरला नव्हता.

प्रिय वाचकहो, या दोन प्रसंगांना शरीअतचा नियम एकच लागू होतो. सूरह अन-निसाच्या २९ व्या आयतीत एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई आहे आणि परस्पर संमतीने होणारा व्यापार वैध ठरविला आहे. पट्टीवर १८० रुपये वाचून मी वस्तू उचलली, तेव्हा माझी संमती १८० रुपयांना होती. मला न सांगता घेतलेल्या ४५ रुपयांना ती नव्हती. त्याचप्रमाणे तेलाचा डबा विनामूल्य नेण्यास दुकानाचीही संमती नव्हती. फुकहांनी विक्रीच्या वैधतेसाठी किंमत दोन्ही पक्षांना ठाऊक असणे आवश्यक मानले आहे, ते याच कारणाने.

‘त्यांनी माझे घेतले, म्हणून मी त्यांचे ठेवतो’ हा युक्तिवाद मोठा गोड वाटतो. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीचा आशय असा आहे की, ज्याने तुमच्यावर विश्वास टाकला त्याची अमानत त्याला पोहोचवा आणि ज्याने तुमच्याशी खियानत केली त्याच्याशीही खियानत करू नका. हक्क मागायचा असेल तर तो समोर उभे राहून मागावा. तो गुपचूप वळता करून घेऊ नये.

इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये बसऱ्याचे व्यापारी यूनुस बिन उबैद (रह.) यांचा प्रसंग दिला आहे. त्यांच्या दुकानात ४०० दिरहमची वस्त्रे होती, तशीच २०० दिरहमचीही होती. पुतण्याला बसवून ते नमाजला गेले असता एका ग्रामीण ग्राहकाने ४०० चे वस्त्र मागितले. पुतण्याने २०० चे दाखविले. ग्राहकाने ते पसंत करून राजीखुशीने ४०० मोजले. वाटेत यूनुस यांनी ते वस्त्र ओळखले आणि ग्राहकाला परत चलण्यास सांगितले. तो म्हणाला की, आमच्या भागात हे ५०० ला जाते आणि मी समाधानी आहे. तरीही त्यांनी त्याला दुकानात आणून २०० दिरहम परत दिले. ग्राहक राजी होता, हा पुतण्याचा बचावही त्यांनी मानला नाही. स्वतःसाठी जे पसंत केले असतेस तेच त्याच्यासाठी का केले नाहीस, असे त्यांनी त्याला सुनावले. पावती नव्हती, तक्रार नव्हती, तरीही पैसे परत झाले.

प्रत्येक दुकानात यूनुस बिन उबैद भेटणार नाहीत. म्हणूनच मुस्लिम नगरांतील बाजारांत वजन-मापे आणि व्यवहार तपासण्यासाठी मुहतसिब नेमला जाई. आज हेच कार्य आपल्या देशाचा कायदा करतो आणि त्याचा आधार घेण्यात कोणताही कमीपणा नाही. वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार वेष्टनावरील कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त दराने विक्री करता येत नाही. ती किंमत सर्व करांसहित असते. वस्तूवर, वेष्टनावर किंवा दुकानात लावलेल्या दरपत्रकावर दाखविलेल्या किमतीहून अधिक रक्कम घेतल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार करता येते. पावती न देणे ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास किंवा तिचे पैसे देण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीने सदोष वस्तूबाबतचा हा हक्क संपत नाही. फिकहमध्ये यालाच ‘खियारे-ऐब’ म्हणतात: दोष न सांगता विकलेली वस्तू परत करण्याचा ग्राहकाचा अधिकार.

मात्र या हक्काचाही गैरवापर होतो. ईदला कपडे घालून मिरवायचे, किमतीची चिठ्ठी आत दडवून ठेवायची आणि दोन दिवसांनी ‘माप बसत नाही’ म्हणून ते परत करायचे, ही उघड फसवणूक आहे. वस्तू निर्दोष असून केवळ आपले मन बदलले असेल, तर परत घेणे हा दुकानदाराचा उपकार आहे. अशा व्यवहारातून ग्राहकाला मोकळे करणाऱ्याच्या चुका अल्लाह माफ करील, अशी शुभवार्ता हदीसमध्ये आली आहे. उपकार मागताना खोटे कारण देऊ नये.

म्हणून काही सवयी घरात रुजवू या. काउंटर सोडण्यापूर्वी पावती वाचावी. सूरह अल-बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे आणि ती देण्या-घेण्याची नोंद ठेवण्याविषयी आहे. हातोहात होणाऱ्या व्यवहाराला तिने लिहिण्यातून सवलत दिली आहे, परंतु आयते लेखन हाती येत असताना ते फेकून का द्यावे? यंत्राच्या कागदावरील अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात, तेव्हा महत्त्वाच्या पावतीचे छायाचित्र घ्यावे. चूक दिसल्यास दरपट्टी आणि पावती दाखवून सौम्य शब्दांत बोलावे. दर ठरविणे काउंटरवरच्या मुलीच्या हाती नसते, तिच्यावर आवाज चढवू नये. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानंतर, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही. आणि जादा सुटे पैसे किंवा न नोंदलेली वस्तू घरी आली, तर तितक्याच तत्परतेने परत जावे. ४५ रुपयांसाठी आपण जितकी पावले चालू, तितकीच दुसऱ्याच्या ४५ रुपयांसाठीही चालावीत.

आपली मुले आपल्याला काउंटरवर पाहत असतात. तेथे आपण गप्प केव्हा बसतो आणि बोलतो केव्हा, यावरून ती दीन शिकतात.

हे अल्लाह, आमच्या घरी येणारा प्रत्येक घास हलाल कर. आमचा हक्क सभ्यतेने मागण्याचे धैर्य आणि दुसऱ्याचा हक्क न मागता देण्याची सद्बुद्धी आम्हाला दे. ज्या दिवशी तुझा तराजू मांडला जाईल, त्या दिवशी आमच्या मापात खोट निघू देऊ नकोस. आमीन.